उणे सत्तर किलो

या पानावरच्या कथा मी अधूनमधून वाचते. बहुतेक कथांमध्ये रात्र असते, सुनसान रस्ता असतो, गाडी बंद पडते. माझ्याकडे यातलं काहीच नाही. जे झालं ते सकाळी झालं, उजेडात झालं. आणि प्रत्येक वेळी त्याचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी यात पदरचं काही घातलेलं नाही. आकडे आणि तारखा मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवल्या आहेत. खोटं लिहायचं असतं तर याहून बरं काहीतरी सुचलं असतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर.

हायवेला लागून आमचा वजनकाटा आहे. ट्रक उभा राहील एवढी लांब लोखंडी प्लेट, तिच्याखाली वजन ओळखणारे सेल, बाजूला केबिन आणि केबिनमध्ये कॉम्प्युटर. कांद्याची नाहीतर उसाची गाडी प्लेटवर चढते, आकडा स्क्रीनवर येतो, पावती निघते. एवढाच धंदा.

काटा माझ्या वडिलांचा. सयाजी त्यांचं नाव. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

दादा १९ सप्टेंबरला गेले. पोटाचा कॅन्सर होता.

मी पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हे माझं काम. ते घरून करता येतं, म्हणून दिवसकार्य झाल्यावरही गावीच राहिले. आईला एकटं ठेवायचं नव्हतं, आणि काटा बंद ठेवून भागणार नव्हतं. आईचं घर त्याच्यावरच चालतं.

मला रडू आलं नव्हतं. लोक यायचे, रडायचे, मी त्यांना पाणी द्यायचे. आतमध्ये काही हलतच नव्हतं.

दादांची एक पद्धत होती. रोज सकाळी उजाडलं की प्लेट झाडायची. मग चपला काढून प्लेटच्या मधोमध सरळ उभं राहायचं आणि केबिनकडे बघून ओरडायचं,

"किती?"

आई आतून आकडा सांगायची. "सत्तर!"

मग ते खाली उतरायचे, केबिनमध्ये यायचे आणि गाडी नंबरच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वजनाच्या रकान्यात तो आकडा टाकून सेव्ह करायचे. पहिलं वजन मालकाचं, असं त्यांचं म्हणणं. काटा पाच-पाच किलोंनी मोजतो, त्यामुळे सत्तर म्हणजे सत्तरच्या आसपास. पण काटा जागा आहे की नाही, ते कळायचं.

शेजारच्या शेतातले गेणभाऊ त्यांना चिडवायचे. "सयाजीराव, तुमी काय कांद्याची गोण हाय का?"

"गोण लबाडी करीत न्हाई गेणबा," दादा म्हणायचे. "तुला उभं केलं आसतं, पर तू सकाळी एक भरतो न् सांच्याला एक."

मला त्यांनी काट्याचा एकच नियम शिकवला होता. प्लेटवर कुणी उभं असताना झीरोचं बटण दाबायचं नाही. दाबलं की काटा त्या माणसालाच शून्य धरून चालतो.

त्यांचा कॉम्प्युटर दहाव्याच्या आदल्या दिवशी बंद पडला. वीस वर्षांचा होता. काट्याच्या डब्यावरचे लाल आकडे दोन वर्षांपूर्वीच विझले होते, त्यामुळे वजन फक्त कॉम्प्युटरवरच दिसायचं. कॉम्प्युटर नाही म्हणजे काटा नाही.

नारायणगावचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे शाहनवाजभाई आले. पंचेचाळिशीचे असतील. चष्मा कायम कपाळावर, आणि वाचायची वेळ आली की तोच शोधत बसायचे. त्यांनी नवीन मशीन आणलं, नवीन विंडोजचं. जुन्या डिस्कवरचं सगळं त्यात उतरवून घेतलं. पण काट्याचा प्रोग्रॅम काही चालेना. तो २००६ सालचा होता. ज्यांनी बनवला त्यांनी दुकान कधीच गुंडाळलं होतं.

"ताई, गाडी नवीन न् बैल म्हातारा," शाहनवाजभाई म्हणाले. "जू बसत नाही."

"मग?"

"मग खोटं बोलायचं. ह्या प्रोग्रॅमला सांगायचं, बाबा रे, हे नवीन विंडोज नाहीच. तू अजून तुझ्या जुन्या मशीनवरच आहेस. तशी सेटिंग असते."

"आणि तो ऐकतो?"

"ऐकतो ना. त्या बिचाऱ्याला वाटतं, सगळं पहिल्यासारखंच आहे."

त्यांनी सेटिंग केली. प्रोग्रॅम उघडला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. दादा वीस वर्षं ज्याच्यासमोर बसले तोच पडदा, नव्या चकचकीत स्क्रीनवर.

पण वजनाच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

काट्याची वायर जुन्या नऊ पिनांची. नव्या मशीनला तसं भोकच नसतं. मध्ये दादांनी कधीतरी घेतलेली एक जोडवायर लावली, तर नव्या विंडोजने तिच्यासमोर पिवळा त्रिकोण काढला. वायर आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. विंडोजने आणलेला दुभाष्या नवीन होता, त्याला जुन्या वायरीची बोली कळत नव्हती. शाहनवाजभाईंनी दोन तास शोधून २००८ सालचा ड्रायव्हर काढला, तो बसवला आणि विंडोजला परत हात लावायला बंदी केली.

रेघा गेल्या. शून्य आलं.

"पण हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही," ते म्हणाले. "एखादं अपडेट घुसलं की हा ड्रायव्हर गेला. माझं ऐका, नवीन प्रोग्रॅम घ्या. एकदम भारी आहे. प्लेटवर माती असू दे, पाणी असू दे, कुत्रं बसू दे, शंभर किलोच्या खाली काहीही असलं तरी शून्यच दाखवतो. कटकट नाही."

"माणूस उभा राहिला तर?"

"एकटा माणूस नाही दिसणार."

मी म्हटलं, जुनाच राहू द्या.

हे सगळं रविवारी झालं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ तारखेला, मी पहिल्यांदा काटा उघडला.

उजाडलं होतं. हायवेवर एखाददुसरी गाडी. मी प्लेट झाडली नाही. तेवढं जमलं नाही. केबिनमध्ये बसले, मशीन चालू केलं, प्रोग्रॅम उघडला.

शून्य.

चहाचा कप उचलला, आणि...

टुक्.

वजन स्थिर झालं की जुना प्रोग्रॅम असा आवाज करायचा. लहानपणापासून ऐकलेला. मी सवयीने वर बघितलं.

४०.

खिडकीतून प्लेट दिसते. प्लेट रिकामी होती.

मी बाहेर आले. प्लेटवर दव पडलं होतं, काचेवर श्वास सोडावा तसं सारखं. त्यावर एकही पाऊल नव्हतं. पाखराचंसुद्धा नाही. खाली वाकून बघितलं. दगड नाही, लाकूड नाही.

आत येऊन बसले. चाळीस तसंच होतं.

सव्वासातला रस्त्यावरून कांद्याची पहिली गाडी वळली. गाडी प्लेटपासून वीसेक फुटांवर असताना आकडा हलला. चाळीस, मग शून्य. मग गाडी वर चढली.

कुणीतरी गाडीला वाट देण्यासाठी बाजूला व्हावं... तसं.

दुपारी मी प्रोग्रॅममध्ये जुन्या नोंदी उघडल्या. गाडी नंबरच्या जागी दादांचं नाव टाकलं. वीस वर्षांच्या सकाळी एकीखाली एक उभ्या राहिल्या. सत्तर, सत्तर, पंच्याहत्तर, सत्तर. पानंच्या पानं सत्तर. मग या वर्षी फेब्रुवारीत पासष्ट. एप्रिलमध्ये साठ. जूनमध्ये पंचावन्न. आम्ही तेव्हा डॉक्टरांचे कागद बघत होतो, आणि ते रोज सकाळी इथे स्वतःला मोजत होते.

शेवटची नोंद ३ सप्टेंबरची. त्या दिवशी त्यांना चालता येत नव्हतं. हट्ट धरला म्हणून गेणभाऊंनी उचलून प्लेटवर बसवलं आणि बाजूला झाले होते.

वजन : ४०.

मी कॉम्प्युटर बंद केला. आईला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला पुन्हा टुक्. चाळीस. तिसऱ्या दिवशीही. पहिली गाडी दिसली की शून्य.

१ नोव्हेंबरला आकडा पंचेचाळीस झाला.

५ नोव्हेंबरला पन्नास.

९ तारखेला पंचावन्न.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. रोज सहा वाजता जाऊन बसायचे, आकडा यायचा, वहीत लिहायचे. दवाखान्यात बाहेर बसलेल्या माणसाला नर्सने येऊन सांगावं की आज दोन घास खाल्ले... तसं काहीतरी वाटायचं. त्यापलीकडे काही नाही.

१२ तारखेला साठ झाले. त्या दिवशी मी शाहनवाजभाईंना सकाळीच बोलावून घेतलं. बिघाड असेल तर तो बिघाडच आहे, असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. आकडा बघितला, खिडकीतून प्लेट बघितली. वायर काढली, रेघा आल्या. वायर लावली, साठ. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. साठ. मग स्वतः जाऊन प्लेटवर उभे राहिले.

"किती?" त्यांनी विचारलं.

दादांचा रोज सकाळचा शब्द. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

"एकशे चाळीस," मी म्हटलं.

"मी ऐंशीचा आहे."

ते उतरले. आकडा साठवर आला.

तोवर गेणभाऊ काठी आपटत आले होते. आमच्याकडे सकाळी काठीशिवाय कुणी शेतात उतरत नाही.

"आवो बिबट्या आसंल," ते म्हणाले. "मादी आसती पन्नास-साठ किलूची. लोखंड रातभर गार पडतं, बसत आसंल."

"गेणभाऊ, प्लेट समोर आहे. बिबट्या दिसला नसता का?"

"दिसला मंग त्यो बिबट्या कसला!"

शाहनवाजभाई हसले नाहीत. केबिनमध्ये येऊन मशीनच्या मागे वाकून काहीतरी बघत होते.

"ताई, मघाशी तो टुक् आवाज झाला. तो रोज होतो?"

"रोज होतो. जुन्या कॉम्प्युटरवरही व्हायचा."

"जुन्यावर होणारच. त्याच्या डब्यात आत एक छोटा स्पीकर असायचा. ह्या मशीनमध्ये तो नाहीच आहे. आणि बाहेरचा मी जोडलेला नाही."

त्यांनी मागची वायर एकदा हलवून बघितली.

"सेल खराब झाले असतील," ते शेवटी म्हणाले. "काट्यावाल्याला दाखवा. न् तो नवीन प्रोग्रॅम घेऊन टाका ताई. दिसणारच नाही, तर त्रास नाही."

चहा न घेता गेले. एरवी दोन कप घेतात.

काट्यावाला दोन दिवसांनी आला. सेल चांगले होते.

१५ तारखेला पासष्ट. १८ तारखेला, मंगळवारी... सत्तर.

आणि त्या दिवशी सव्वासातला गाडी वळली तेव्हा आकडा हललाच नाही.

गाडी चढली, तरी ते सत्तर खाली उतरले नाहीत. ड्रायव्हर हौशीराम दर दोन दिवसांनी येणारा, स्वतःच्या रिकाम्या गाडीचं वजन त्याला पाठ. त्याने पावती बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, गाडी सत्तर किलोनं जाडी झाली की माझी. तिला काय खायला घातलं न्हाई राव मी."

मी त्याला थांबवलं. पावती फाडली. काटा दुरुस्तीला आहे असं सांगून दोरी बांधली.

दिवसभर सत्तर. दुपारी सत्तर, संध्याकाळी सत्तर. बरे झाले होते. पहिल्यासारखे सरळ उभे होते. आणि आता वाट द्यायला तयार नव्हते.

बुधवारीही तेच.

गुरुवारी, २० तारखेला, वजनमापं खात्याचे साहेब येणार होते. काट्याची तपासणी वर्षातून एकदा होते. रिकाम्या प्लेटवर शून्य हवं, मग ते माप ठेवून बघतात आणि शिक्का मारतात. शिक्का नाही तर काटा बंद. आई दोन दिवस केबिनच्या पायरीवर बसून दोरीकडे बघत होती. "शिक्का मिळंल ना गं?" एवढंच दोनदा विचारलं तिने.

काटा बंद पडला तर मला तिला पुण्यात न्यावं लागलं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे ती किती दिवस टिकली असती, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी प्लेटजवळ जाऊन उभी राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. पाय ठेवला नाही. काठावरूनच म्हटलं,

"दादा, खाली उतरा. साहेब येणार आहेत."

ऊन चांगलं वर आलं होतं. प्लेट तापली होती. काही हललं नाही.

"दादा, आईसाठी उतरा."

आत येऊन बघितलं.

७०.

रस्त्यावर साहेबांची जीप थांबल्याचा आवाज आला.

मी झीरो दाबलं.

टुक् झालं नाही. सत्तर गेलं आणि शून्य आलं. काट्याने त्यांना शून्य धरलं. ते तिथेच उभे होते, माझी खात्री आहे. मी फक्त त्यांना मोजायचं बंद केलं.

साहेबांनी मापं ठेवली. वीस-वीस किलोंची, एकावर एक. आकडे बरोबर आले. शिक्का बसला. "जुना काटा, पण राखलाय चांगला," साहेब म्हणाले. आईने त्यांना चहा दिला. ती खूप दिवसांनी पदर खोचून भराभर चालताना दिसली.

मी जेवले. दुपारी पंचवीस पानं तपासली. एक चूक सुटली नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला प्रोग्रॅम उघडला.

शून्य.

सहा चाळीसला मी खिडकीतून बघत होते. प्लेट, दव, पलीकडे हायवे. आवाज आला, पण तो टुक् नव्हता. लोखंडाची प्लेट वरचं वजन उतरलं की किंचित उसासते. कर्र... असा. ट्रक उतरला की होतो तो आवाज, पण अगदी हलका.

स्क्रीनकडे बघितलं.

-७०.

काट्याची माहिती नसलेल्यांसाठी सांगते. प्लेटवर वजन असताना शून्य केलं, आणि नंतर ते वजन उतरलं, तर काटा उणे दाखवतो. जेवढं उतरलं तेवढं उणे.

दादा उतरले होते. मी सांगितलं म्हणून उतरले, की मी शून्य केलं म्हणून उतरले, ते मला माहीत नाही.

त्या छोट्या आडव्या रेघेकडे मी किती वेळ बघत बसले होते, तेही माहीत नाही. मुद्रितात अशी रेघ दिसली तर मी ती खोडते. जागा चुकलेली रेघ.

हौशीरामची गाडी आली तेव्हा पुन्हा झीरो दाबावं लागलं. प्लेट खरोखरच रिकामी होती, त्यामुळे काटा बरोबर झाला.

त्यानंतर रोज सहा चाळीसला शून्य. शनिवारी शून्य, रविवारी शून्य. आवाज नाही. मी तरीही जाऊन बसायचे. शाहनवाजभाईंचा फोन आला, नवीन प्रोग्रॅमचं काय ठरलं म्हणून. मी म्हटलं, नको. जुनाच चालू द्या, अपडेट बंदच ठेवा.

परत आले तर दिसायला हवेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एकच प्रश्न राहिला होता. काट्यावरून उतरले... मग गेले कुठे? वीस वर्षांत हा माणूस काटा सोडून लांब कुठे गेलेला नव्हता.

आमच्या घरातून डेअरीकडे जायचं तर प्लेट ओलांडून रस्त्याला लागावं लागतं. दादा गेल्यापासून आमचं दूध गेणभाऊ घालायचे. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून आईने किटली स्वतःच घेतली. "किती दिस दुसऱ्याला सांगायचं," म्हणाली. मला बरं वाटलं. माणसांत जाईल, बोलेल.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळचे सात. मी केबिनमध्ये होते. आई किटली घेऊन घरातून निघाली, प्लेटवर चढली.

टुक्.

आई पन्नास किलोची आहे. दवाखान्यात माझ्यासमोर मोजलं होतं. भरलेली किटली पाच किलोची. पंचावन्न यायला हवं होतं.

१२५.

आई प्लेटवरून एकटीच चालत होती. नेहमी चालते तशी नव्हे. सावकाश, एक एक पाऊल टाकत, डाव्या बाजूला थोडी जागा सोडून. प्लेटवरून उतरली. आकडा शून्यावर गेला.

अर्ध्या तासाने रिकामी किटली घेऊन परत आली. १२०.

मंगळवारीही तेच. बुधवारीही. मी स्वतः अजून प्लेटवर पाय ठेवलेला नाही. मला किती दाखवेल, ते बघायचं नाही.

या पानावर बरेच जाणकार लिहितात, उपाय सांगतात. मी उपाय विचारत नाही. तो बिघाड असेल तर कुठे आहे, तेवढं कुणी सांगितलं तरी चालेल. जुना प्रोग्रॅम, जुना ड्रायव्हर, नवीन विंडोज. सगळं तपासून झालं आहे. ट्रकचं वजन किलोला किलो बरोबर येतं.

गावात लोक आईबद्दल म्हणतात, अंजनाबाई सावरल्या. खरंच सावरली आहे ती. जेवते, झोपते, गेणभाऊंना टोमणे मारते. मीच तिच्याकडे चोरून बघत असते.

परवा ती डेअरीतून परत येताना मी केबिनच्या दारात उभी राहिले. तिला प्लेट ओलांडायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मध्येच दोनदा थांबली.

"आई, एवढी हळू का चालतेस? पाय दुखतोय का?"

"मला काय धाड भरलीया," ती म्हणाली. किटली या हातातून त्या हातात घेतली. "त्यांचं गुडगं दुखत्यात. थंडीचं लई धरत्यात."

सहज म्हणाली. पाऊस येईल असं म्हणावं, तसं.

ती माझ्यासमोरून घराकडे गेली. पायरी चढली, दार उघडलं... आणि आत जायच्या आधी चौकटीला चिकटून जराशी बाजूला झाली. जेवढी जागा एका माणसाला लागते, तेवढी.

मग ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.